सात नंबरचा शेरा

अकरा पेपर आले होते आणि अकराही माझ्या टेबलावरून गेले, कारण शाळेत गुणांची बेरीज करायचं काम कारकुनाचं, म्हणजे माझं. साल १९३८. आमच्या गावच्या जगदेवराव देशमुखांनी अकोल्याला बोर्डिंग काढलं होतं. निबंधात पहिला येईल त्याला तिथं मॅट्रिकपर्यंत फुकट राहणं-जेवण. दुसऱ्याला काही नाही.

विषय रामराव मास्तरांनी काढला. वाचनमालेत 'विहिरीचे दान' असा एक धडा होता. एक धनिक गावाला विहीर देतो. दगडावर नाव त्याचं. दोर लोकांनी आणावा, बादलीही लोकांनीच, आणि पाणी लागलं की कळवण्यात येईल. लेखक मात्र शेवटपर्यंत धनिकाची स्तुतीच करतो. त्यातला उपरोध उलगडून दाखवा, गुण पन्नास.

पेपरांवर नुसते नंबर. नावांची यादी माझ्या खणात. चार नंबरनं दोन पानांत 'उपरोध' हा शब्द सतरा वेळा लिहिला होता. मी मोजला. तो उपरोध आहे कुठं, हे एकदाही सांगितलं नव्हतं. तरी एकतीस गुण मिळवून तोच पुढं होता, यावरून बाकीच्यांचा अंदाज यावा.

मग आला सात नंबर.

"धड्याचा लेखक मोठा कृतज्ञ माणूस आहे. त्याच्या गावाचे भाग्य वाचून मला आमचे आठवले. आमच्या शाळेला जगदेवरावांनी घड्याळ दिले. त्याला काटे नाहीत. असते तर मुलांचे लक्ष अभ्यासातून उडाले असते. त्यांनी पुस्तकांचे कपाटही दिले. किल्ली त्यांच्याच घरी असते, त्यामुळे एकही पुस्तक आजवर फाटले नाही."

असं तीन पानं.

रामरावांनी दोन गुण दिले, दुसरे परीक्षक गुलाम नबी मास्तरांनी अठ्ठेचाळीस. मी सरासरी काढली, पंचवीस आली. दोघांना बोलावलं.

"याले उपरोध समजलाच नाई," रामराव म्हणाले. "लेखकाले कृतज्ञ म्हणून राह्यला! दोन दिले ते अक्षर बरं हाय म्हणून."

"रामरावजी, पोट्ट्यानं उपरोध समजावून नाई सांगतला, करून दाखवला. असा तंज मले बी जमत नाई."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी काय सांगू? ते घड्याळ मी सात वर्षं रोज पाहत होतो. त्यात हसण्यासारखं मला कधी काही दिसलं नव्हतं. पेपर पुन्हा वाचला. पहिल्यांदा पोरगं भोळं वाटलं, दुसऱ्यांदा डांबरट, तिसऱ्यांदा मीच भोळा.

"नाव पाहा," रामराव म्हणाले. नियमात बसत नव्हतं, पण खण उघडला. हेमसिंग. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा.

"घ्या! घरी बंजारी बोलतात. त्याले मराठी वाक्य सरळ जमलं हेच लय झालं, वाकडं कोठून जमन?"

मीही मान हलवली, हे लपवत नाही.

"बोलवा त्याले," गुलाम नबी म्हणाले.

हेमसिंग येऊन दाराशी उभा राहिला.

"काहून रे, हे खरं लिवलं का गंमत केली?" रामरावांनी विचारलं.

"गुरुजी, मार्क कायचे हायेत? खऱ्याचे का गमतीचे?"

गुलाम नबींनी रुमाल तोंडाला लावला. "मार्काचं सोड. असं लिवाले शिकला कोठं?"

"माय गाते जी. लग्नात बाया व्याह्याची तारीफ गातात. व्याही असा शूर, बैल पाहून झाडावर चढला. असा दिलदार, दोन्ही हात रिकामे घेऊन आला. व्याही समोरच बसून राह्यते. समजलं तो हासते, नाई समजलं तो बी हासते." मग म्हणाला, "धडा वाचला तं वाटलं, हा माणूस मायच्या संगं गात असन."

तो गेल्यावर रामरावांनी पेपर पुन्हा पुढं ओढला. मग दोनावर रेघ मारून त्यांनी सत्तेचाळीस लिहिले.

"एक कमी काहून?" गुलाम नबी.

"अक्षर तेवढं बरं नाई."

पोरगं पहिलं आलं. पण खरी पंचाईत पुढंच होती. गुणपत्रक आणि पहिला पेपर जगदेवरावांच्या सहीला जायचा, आणि गुणपत्रकात शेऱ्याचा रकाना असतो. 'उत्कृष्ट उपरोध' लिहावं तर हेमसिंग बोर्डिंगच्या बाहेर, आणि आम्ही तिघं शाळेच्या. कोरा ठेवावा तर कागद परत येतो. दोन्ही मास्तरांनी तो माझ्यापुढं सरकवला.

मी लिहिलं: 'दात्याविषयीचा आदर ओळीओळीत दिसतो.'

गुलाम नबींनी वाचलं. "कारकूनसाहेब, हे खरं लिवलं का गंमत केली?"

मला खरंच सांगता येईना.

जगदेवरावांनी माझ्यासमोरच पेपर दोनदा वाचला. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदाही हसले, पण डोळे कागदावरून उठून माझ्यावर आले.

"घड्याळाले काटे नाईत?"

"नाहीत जी."

"कवापासून?"

"आलं तेव्हापासून."

"हं. चांगलं पोट्टं हाय," म्हणाले आणि सही केली. पूर्ण सही, तारखेसकट.

हेमसिंग अकोल्याला गेला. पुढच्या मंगळवारी शेलूबाजारचा तय्यब घड्याळवाला न बोलावता आला आणि काटे बसवून गेला. कपाटाची किल्ली मात्र आजतागायत आली नाही.

रामराव म्हणतात, त्यायले समजलं. गुलाम नबी म्हणतात, नाही. समजलं म्हणावं तर किल्ली का नाही आली? नाही समजलं म्हणावं तर काटे कसे आले? दोघं पुन्हा माझ्याकडे बघतात. मी सरासरी काढून ठेवली आहे: अर्धं समजलं. पण कोणतं अर्धं, ते विचारू नका.