चंद्रीचं शेपूट

हे बघा, हळू आवाजात सांगायला मला जमत न्हाय. माझा आवाज मोठाच हाय. आणि आत्तीचा, म्हणजे माझ्या सासूचा, धोंडुबाईचा, माझ्याहून मोठा. आम्ही दोघी नुसतं बोलायला लागलो तरी लांबच्या मळ्यातल्या माणसांना वाटतं भांडण लागलं. खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा लागलेलंच असतं.

शिरोळच्या खालच्या अंगाला, उसाच्या मधोमध आमची एकटी वस्ती. वर पत्रा, पुढं गोठा. गोठ्यात चंद्री म्हैस आणि तिचं नुकतं झालेलं रेडकू. घरात आत्ती, मी, माझा नवरा सम्राट. दारात त्याचा छोटा हत्ती टेम्पो. त्यात ह्या पावसाळ्यात नणंद प्रियदर्शनी बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे, मग माहेर पुरात का असेना! गडहिंग्लजला चांगली उंचावर नांदणारी पोरगी, रीत म्हणून पाण्याच्या तोंडात आणून बसवली.

कृष्णा पात्राबाहेर पडली म्हणल्यावर आम्ही कामाला लागलो. पूर आम्हाला काय नवा न्हाय. सम्राटनं नदीवरची मोटर काढून आणली. धान्याची पोती माळ्यावर चढवली. गॅसची टाकी तरंगत जाऊ नये म्हणून खांबाला बांधली, मेन स्विच पाडला. आधारकार्डं आणि प्रियाची दवाखान्याची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पोटाला बांधली. टेम्पोत डिझेल भरलेलं होतं, चाकांत हवा मारलेली होती, मागं ताडपत्री ताणून बांधलेली होती. सगळी तयारी झाली. राहिलं ते एवढंच ठरवायचं, की पहिल्या खेपंला कोण.

"आधी म्हस," आत्ती म्हणाली. "माणसासाठी सरकार बोट पाठवतंय. म्हशीसाठी कोण पाठवतंय, सांग की!"

आमच्या भागात हे सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. आधी जनावरं, मग सामान, मग माणसं. माझं टाळकंच फिरलं.

"आणि प्रियाला कळा सुटल्या तर? बोटीत बाळंत करायची काय तिला?" मी ओरडलो. "आधी प्रिया. मग तुमची चंद्री."

आत्तीनं प्रियाच्या पोटाकडं बघितलं आणि तिची पिशवी उचलून टेम्पोत ठेवली. मला वाटलं जिंकलो.

"मग तू बी बस गाडीत," सम्राट आईला म्हणाला.

"चंद्रीला एकटं टाकून? जावा तुम्ही. पूर्णिमा, तू प्रियाजवळ बस. दुसऱ्या खेपंला मी आन चंद्री येतो," असं म्हणत तिनं रेडकू उचललं आणि टेम्पोच्या हौद्यात टाकलं.

"अवो आत्ती, इथं माणसाला पाय ठेवायला जागा न्हाय! हे कशाला?"

"हे पाण्यात टिकायचं न्हाय."

"माणूस मोठं का जनावर मोठं?"

"प्रिया माझं लेकरू," ती म्हणाली, मग चंद्रीकडं बोट केलं. "हे तिचं." आणि फाळका धाडकन लावला. वाटभर मी तिच्या नावानं खडे फोडत होतो. रेडकू मागं हंबरत होतं.

ओढ्यावरच्या मोरीला पाणी लागलं होतं, पण गाडी निघाली. जयसिंगपुरात प्रियाला दवाखान्यात भरती केलं. तिचा नवरा तिथं येऊन थांबलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ हाय. तिला त्याच्या हवाली करून आम्ही तसंच मागं फिरलो. रेडकू उतरवायचंसुद्धा कुणाच्या ध्यानात आलं न्हाय.

येऊन बघतोय तर मोरी दिसंना. जिथं रस्ता होता तिथं तांबडं पाणी, आणि त्याला धार. पलीकडं उसाचे शेंडे, आणि शेंड्यांमधनं आमचा पत्रा. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर माझं घर होतं, आणि जायला वाट नव्हती.

सम्राटनं मागचापुढचा विचार न करता टेम्पो पाण्यात घातला. "अवो थांबवा!" म्हणेपर्यंत इंजिन ठसकलं आणि बंद पडलं. गाडी एका अंगाला कलली. काठावरच्या लोकांनी दोर टाकून ट्रॅक्टरनं ओढून काढली म्हणून आम्ही, आणि मागचं रेडकू, वाचलो. इंजिननं पाणी प्यायलं होतं. मग सम्राट फोनवर बसला. ज्याला त्याला फोन. बोटवाले म्हणत, नोंद घेतलीय, आधी पलीकडच्या गावातली माणसं काढतोय, थांबा.

थांबा! मी आत्तीला फोन लावला.

"पाणी कुठवर आलंय?"

"गोठ्यात शिरलंय. गुडघ्याला हाय."

"शिडी लावून पत्र्यावर चढा!"

"शिडी व्हाऊन गेली की कवाच."

"मग चंद्रीचं दावं सोडा आणि तुम्ही गव्हाणीवर उभ्या राहा."

"दावं सोडलंय गं. पर ही जाईना. माझ्याजवळच उभी हाय, अंग घासत."

पुढच्या फोनला पाणी कंबरेला लागलं होतं. ती गव्हाणीवर उभी होती तरी कंबरेला. आवाज बारीक झालेला. आत्तीचा आवाज बारीक! मी तिला आणलं असतं तर? प्रियाला मागं ठेवलं असतं तर? काय केलं असतं तर कोण वाचलं असतं, डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

सम्राटनं शर्ट काढला आणि पाण्यात उतरला. आता हे ऐका: कृष्णेच्या काठावर जन्म घेऊन पोहायला न येणारा आमच्या तालुक्यातला हा एकच गडी असंल. त्याच्या थोरल्या भावाला लहानपणी नदीनं नेलं. तेव्हापासनं आत्तीनं ह्याला नदीच्या काठावर फिरकू दिलं न्हाय. एकदा चोरून गेला, तर वेताच्या छडीनं वळ उठवले होते म्हणे. आणि आज कंबरेपर्यंत गेला तो. मी मागनं पँटचा पट्टा धरला आणि जीव खाऊन मागं ओढला.

"सोड! आई हाय माझी!"

"मग काय तिला आणखी एक पोरगं बुडताना दाखवताय काय?"

तो चिखलात बसला आणि लहान पोरागत रडायला लागला. बाजूला एकजण मोबाईल वर धरून उभा.

"ओ पावणं," मी म्हटलं, "शूटिंग कसलं काढताय? तुमच्या आईचं लग्न हाय व्हय हितं?"

मोबाईल खिशात गेला. पण पाणी काय कमी होईना. आणि त्यात ते रेडकू! सकाळपासनं उपाशी, टेम्पोत उभं राहून सारखं हंबरत होतं. सम्राट बोटवाल्याशी बोलत होता, त्याला काही ऐकू येईना. "त्याचं तोंड दाब गं!" तो किंचाळला. मी गेलो तोंड दाबायला. हातातला फोन चालूच होता, पलीकडं आत्ती.

"पूर्णिमा," ती म्हणाली, "चंद्री कान टवकारायलीया."

मी तिथंच थबकलो. रेडकाच्या तोंडावरचा हात काढला. ते पुन्हा हंबरलं. आणि पाण्यावरनं, उसाच्या शेंड्यांवरनं, लांबनं चंद्रीचा हंबरडा आला.

रेडकू उचललं आणि पाण्याच्या कडेला धावलो, मोरीपासनं लांब, जिथं धार नव्हती, उसावर नुसता साचल्या पाण्याचा फुगवटा होता. "आत्ती, शेपूट धरा!"

"काय?"

"चंद्रीचं शेपूट धरा! ती येतीया बघा, तिचं हितं हाय!"

"आगं माझं वय बघ की!"

"धरा म्हणतोय न्हवं! आयुष्यात एकदा तरी माझं ऐका!"

फोनमध्ये बुडबुड झाली आणि फोन बंद पडला.

मी रेडकाचा कान पिरगाळला. माफ कर बाबा, पण ओरड. ते ओरडलं. मी पुन्हा पिरगाळला. सम्राट माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि तोही हाका मारायला लागला, आई, आई. माणूस आणि जनावर, दोघं एकाच सुरात. मी बघत होतो. उसाचे शेंडे हलत होते, ते वाऱ्यानं का कशानं, कळत नव्हतं.

मग दोन शिंगं दिसली. मग नाकपुड्या. मागं काहीच न्हाय, नुसतं तांबडं पाणी. मी मनात नदीची खणानारळानं ओटी भरली. चंद्री जवळ आली, पायाला जमीन लागली, पाठ वर आली, आणि मागनं हिरवं लुगडं फुगून वर आलं.

आत्ती.

लोक पाण्यात शिरले आणि तिला चंद्रीबरोबरच काठावर आणली. नाकातोंडातनं पाणी, ओठ काळेनिळे, हातापायाला उसाच्या पात्यांनी कापलेलं. सम्राट गुडघ्यावर बसला, "आई" म्हणाला. तिनं डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं. मग तिची नजर खाली गेली, त्याच्या कंबरेपर्यंत ओल्या पँटीकडं.

कुठनं तेवढी ताकद आली कुणास ठाऊक. खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली.

"पाण्यात उतरलास?" ती म्हणाली. "पाण्यात उतरलास तू?"

तो गाल धरून हसत होता आणि रडत होता. बाजूला चंद्री रेडकाला चाटत होती, पान्हा सुटून दुधाची धार चिखलात पडत होती. आत्तीनं मारलं ते उजव्या हातानं. डाव्या मुठीत अजून शेपूट होतं. सुटंना. मी तिच्याजवळ बसलो आणि तिची बोटं एकेक करून उघडली.