वणासकट

"हे आमचे मालक नव्हं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली.

गोकुळ ओशाळला. "आई, नानाच हायेत ते. फोटो साफ केलाय फक्त."

"साफ केलाय का पुसलाय?"

औरंगपुऱ्यातल्या त्या कलर लॅबमध्ये रत्नमाला चोवीस वर्षं काम करत होती. आधी पासपोर्टचे फोटो कापायची, मग प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायची, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा तोही शिकली. गिऱ्हाइकाशी बोलायला मालक शिवराजशेठ असत. ती आतल्या खोलीत. आपलं काम जितकं चांगलं होईल तितकं ते कोणाच्या नजरेस पडत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. म्हणूनच, कुणीतरी काम परत आणलंय हे ऐकून ती लगबगीने बाहेर आली.

फोटो वच्छलाबाईंच्या नवऱ्याचा, बद्रीनाथांचा होता. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि रविवारी फुलंब्रीला वर्षश्राद्ध होतं. कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हटलं की ते उठून शेताकडे जात. मुलीच्या लग्नात, मांडवातल्या अंधुक उजेडात, गोकुळने आपल्या छोट्या कॅमेऱ्याने नकळत टिपलेला हा एवढाच चेहरा घरात होता. मोठा केला की त्यावर लाल-निळे दाणे उसळून येत. रत्नमालाने नेहमीप्रमाणे सॉफ्टवेअरचं आपोआप सफाईचं बटण दाबलं होतं. दाणे गेले होते.

"यांच्या तोंडावर देवीचे वण होते, बाई," वच्छलाबाई तिला म्हणाल्या. "लहानपणी देवी आल्या व्हत्या. मला बघायला आले तवा मावशी आत येऊन म्हणली, पोराच्या तोंडावर वण हायेत, नीट बघून घे. मी दाराआडून बघितलं अन् व्हय म्हणलं. आता हे कोणाचं तोंड भिंतीला लावू?"

रत्नमालाने फ्रेम सुलटी करून पाहिली. पुट्टी मारलेल्या भिंतीसारखे गाल. आजवर तिने कितीतरी मुलींचे तीळ, कितीतरी नवरदेवांचे व्रण घालवले होते. पण ते लोकांनी सांगितलं म्हणून. हे कोणी सांगितलं नव्हतं.

"एआयला सांग ना, वण टाक म्हणून," शिवराजशेठ म्हणाले. "मिनिटात टाकतंय."

"ते कोणाचेबी वण टाकंल, शेठ." रत्नमाला गोकुळकडे वळली. "तो कॅमेरा अजून हाय का?"

"का हो, ताई?"

तिने समजावून सांगितलं. अंधारात प्रत्येक कॅमेरा फोटोत आपले दाणे सोडतो, आणि त्याची एक ठरलेली तऱ्हा असते. ती तऱ्हा नोंदवून ठेवली की त्याला प्रोफाइल म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्यांची प्रोफाइलं सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात. या छोट्याची नव्हती. मग ते अंदाजाने चालतं आणि बारीक दिसेल ते सगळं घाण समजून काढून टाकतं.

"कॅमेरा मिळाला तर त्याची घाण कोणती ते कळंल. तेवढीच काढू. नानांचं नानांकडं राहील."

"फेकला नसंल तर आणतो," गोकुळ म्हणाला.

"फेकायला मी काय मेले व्हते का?" वच्छलाबाई म्हणाल्या. "गव्हाच्या कोठीवर डब्यात हाय."

शुक्रवारी दोघं कॅमेरा घेऊन आली. आतले सेल फुटून हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलं होतं. रत्नमालाने कापसाला व्हिनेगर लावून ते हळूहळू घासून काढलं, शेजारच्या दुकानातून नवे सेल आणले. बटण दाबलं, काहीच झालं नाही. पुन्हा घासलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी लेन्स कुरकुरत बाहेर आली.

मूळ फोटोच्या फाइलमध्ये आयएसओ, म्हणजे कमी उजेडात कॅमेरा किती ताणला त्याचा आकडा, सोळाशे लिहिलेला होता. तिने कॅमेऱ्याला तोच आकडा लावला, आतल्या खोलीचं दार लोटून एकच बल्ब ठेवला आणि करड्या पुठ्ठ्याचे पाच फोटो, पुठ्ठ्याचे रेषे दिसू नयेत म्हणून मुद्दाम अस्पष्ट, काढले. स्क्रीनवर नुसता पुठ्ठा. त्यावर तेच लाल-निळे दाणे.

"बघा, पुठ्ठ्यावर काहीच नाय. तरी हे दिसतंय. हे सगळं कॅमेऱ्याचं."

वच्छलाबाई पुढे वाकल्या. "म्हंजी लग्नातबी हेच आलं व्हय?"

"हेच."

त्या फोटोंवरून प्रोफाइल तयार झालं. रत्नमालाने मूळ फोटो नव्याने उघडून त्याला ते लावलं. रंगीत दाणे विरले, पण गाल अजून जास्तच मऊ वाटत होते. तिने सफाईचा जोर एकेक अंशाने कमी करायला घेतला. वच्छलाबाई स्टुलावर बसून एकटक बघत होत्या.

"आणखी मागं," त्या म्हणाल्या. मग, "आणखी." मग त्यांचा हात वर आला. "थांबा."

नाकाच्या डाव्या बाजूला एक खोल वण दिसत होता. खाली गालावर चार-पाच, एकमेकांना चिकटून.

"हा," वच्छलाबाई म्हणाल्या. "ह्याच्यात घाम साचायचा."

त्या रडल्या नाहीत. पदर खांद्यावर सारखा केला आणि स्टूल स्क्रीनजवळ ओढलं.

"ताई, खांद्यापाशी जरा खरबरीत राहिलं," गोकुळ हळूच म्हणाला.

"ते काढलं तर वणबी जातील."

"राहू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "मांडवात धूळ व्हतीच."

शनिवारी गोकुळचा फोन आला. आई म्हणती, ताईंनी जेवायला यायचंच. चोवीस वर्षांत रत्नमाला कधी गिऱ्हाइकाच्या घरी गेली नव्हती. रविवारी तिने इस्त्रीची साडी नेसून सकाळची बस धरली. हर्सूल मागे पडलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात गुणगुणतोय.

ओसरीवर खुर्चीत फोटो ठेवला होता, हार घातलेला. अंगणात पंगत बसली होती. तेवढ्यात शेजारच्या शेतातले कडुबा काठी टेकत आले. त्यांना आता नीट दिसत नसे. पायरी चढून ते फोटोसमोर थांबले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "राम राम, नाना."

कडुबांचा पुढे केलेला हात हाराला लागला, तसा त्यांनी मागे घेतला. मग काठी भिंतीला लावून ते पंगतीत रत्नमालाच्या शेजारी बसले.

"कोणत्या गावच्या, बाई?"

"संभाजीनगरची. नोकरी करते तिथं."

"बरं हाय," कडुबा म्हणाले आणि त्यांनी भात कालवायला घेतला.

वच्छलाबाई येसर आमटीचं पातेलं घेऊन स्वतः वाढत येत होत्या. रत्नमालापाशी आल्यावर त्या न विचारताच वाकल्या. तिनेही नको म्हटलं नाही. वाटी पुढे केली.