कोयंडा नसलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, माझ्या अलीकडे घर नाही आणि पलीकडेही घर नाही. मी नाटकातला दरवाजा आहे. सध्या नाट्यगृहाच्या मागच्या गोदामात, एका मोडक्या सिंहासनाशेजारी, चौकटीसकट उभा असतो. रंगाचे पोपडे निघाले आहेत, बिजागऱ्या कुरकुरतात आणि बाहेरून ट्रक गेला तरी मी थरथरतो. फार थकलो आहे. पण ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो.

मला एका सुताराने खोक्यांच्या फळ्यांपासून बनवले. एका बाजूला पितळी मूठ लावली, दुसऱ्या बाजूला भलीमोठी लोखंडी कडी. पण ती कडी ज्यात अडकते तो कोयंडा त्याने चौकटीला बसवलाच नाही. त्याला कारण होते. आधीच्या एका नाटकात दार खरोखरच अडकले होते. नायक तलवार उपसून आतच राहिला, शेवटी खिडकीतून बाहेर आला आणि लोक पोट धरधरून हसले. तेव्हापासून सुताराने कानाला खडा लावला. माझी कडी खाडकन वाजते, दणक्यात चौकटीवर आपटते, पण अडकत कशातच नाही.

आमचे नाटक जुने आणि नावाजलेले होते. मिठाच्या व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी एका नावाड्याच्या प्रेमात पडते. पहाटे त्याच्या होडीतून निघून जायचे ठरते. वडिलांना सुगावा लागतो आणि ते तिला खोलीत कोंडतात. तो घाटावर वाट पाहतो, हिने शब्द फिरवला असे समजतो, वादळात होडी घालतो आणि बुडतो. बातमी आल्यावर वडील दार उघडतात, तेव्हा मुलगी उंबऱ्यावरच कोसळून प्राण सोडते. असे कुणी पटकन मरत नाही हे मलाही कळते, पण नाटकात चालते.

मी रंगमंचाच्या मधोमध उभा असायचो, प्रेक्षकांकडे कड करून. त्यामुळे त्यांना आतली मुलगी आणि बाहेरचे वडील दोघेही दिसत. मुलीचे काम करणारीला मोठी कसरत करावी लागे. एका हाताने मला बडवायचे आणि दुसऱ्या हाताने मूठ गच्च आवळून धरायची, नाहीतर मी आपोआप उघडायचो. म्हणजे ‘बाबा, दार उघडा’ म्हणून जी टाहो फोडायची, तीच मला बंद ठेवायची.

वडिलांचे काम एक वयस्क नट वर्षानुवर्षे करीत होते. सगळी मंडळी त्यांना ‘बाबा’च म्हणत, अगदी चहावालासुद्धा. ते डोळे वटारून कडी आपटत आणि प्रेक्षक त्यांना शिव्याशाप देत. ते नाटक शाळेत अभ्यासाला होते, म्हणून दुपारच्या खेळाला मुलांची झुंबड उडे. वर्गात त्यांनी आधीच लिहिलेले असे : वडील क्रूर, हट्टी आणि अहंकारी आहेत. कडी वाजली की मुले हुर्यो करत. बाबांना तीच दाद वाटे.

मग एक नव्या दिग्दर्शिका बाई आल्या. पहिल्याच तालमीत त्यांनी विचारले, “बाबा, हा माणूस कडी का लावतो?”

“दुष्ट आहे म्हणून. लिहिलंयच तसं.”

“दुष्ट आपण म्हणतो. तो स्वतःला काय म्हणत असेल?”

“बाई, ही कडी लावण्यात माझे केस पिकले. आजवर कुणी असलं काही विचारलं नाही.”

“म्हणून तर मी विचारतेय.” मग त्या मुलीचे काम करणाऱ्या नव्या पोरीकडे वळल्या. “आणि तू गं? खोलीला खिडकी आहे. उडी मारून का जात नाहीस?”

“उंच आहे ना, बाई.”

“उंची नाही विचारली मी.”

पोर नखे खात बसली. बाबा दिवसभर माझ्यावर राग काढत कडी आपटत राहिले. बाहेरचा मार मी खूप सोसला आहे, पण त्या दिवशीचा वेगळा होता.

त्याचे कारण मला पुढे कळले. मेकअपवाले काका माझ्या आडोशालाच आरसा लावून बसत. काही दिवसांनी शाळेच्या मुलांचा खेळ होता, त्या दुपारी ते बाबांना दाढी चिकटवत होते.

“तुमची लेक संध्याकाळच्या गाडीनं निघतेय,” काका हळूच म्हणाले. “जावईबापूंची बदली झालीय, फार लांब. एकदा भेटा म्हणून निरोप दिलाय तिनं.”

“मी कुठं कुणाला अडवलंय?”

“मागं नातीला घेऊन आली होती तेव्हा तुम्ही दार उघडलं नाहीत, बाबा. पोर पायरीवर बसून रडली.”

“स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा माझी आठवण झाली होती का तिला? दाढी नीट चिकटव. मागच्या वेळी एक बाजू सुटली होती.”

काकांनी दाढी नीट चिकटवली. खेळ सुरू झाला.

कोंडण्याचा प्रवेश आला. कडी वाजली, मुलांनी हुर्यो केली. आतून ती पोर मला बडवू लागली. त्या दिवशी ती इतकी रंगली की मूठ धरायचे भान तिला राहिले नाही. दोन्ही हातांनी तिने धडक दिली आणि मी सताड उघडलो.

ती आणि बाबा समोरासमोर. या प्रवेशात त्यांनी एकमेकांचे तोंड कधीच पाहिलेले नव्हते.

“पळ! अगं, पळ की!” सगळी शाळा ओरडली.

बाबांनी मला पुन्हा लावून घ्यायला हात पुढे केला. हात माझ्या कडीपर्यंत आला आणि लोंबकळला. त्यांना तिथे एकही वाक्य लिहिलेले नव्हते. तरी ते बोलले, अगदी बारीक आवाजात. “तू गेलीस तर मी घरात कुणाशी बोलू?”

ती पोर त्यांच्याकडे पाहत राहिली. वाट मोकळी होती. तिने मूठ धरली आणि सावकाश, स्वतःच्या हाताने मला ओढून घेतले. नाटक सावरायला ओढले असेल. पण रोज एका हाताने धरायची ती मूठ तिने त्या दिवशी दोन्ही हातांनी धरली आणि मला बडवणे थांबवले. पडद्याआड उभ्या बाई पुटपुटल्या, “खिडकी उंच नव्हतीच.”

बाबांनी कडी लावली नाही. कपाळ माझ्यावर टेकून ते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या फळ्यांवरून ओघळले. इतकी वर्षे ज्याला आम्ही सगळे संताप समजत होतो ती भीती होती. मला त्यांची फार दया आली.

मात्र मित्रांनो, कारण कळले म्हणून होडी काही परत फिरली नाही. ती ठरल्याप्रमाणे बुडाली आणि मुलगी ठरल्याप्रमाणे माझ्या उंबऱ्यावर मेली. पडदा पडल्यावर पुढच्या रांगेतला एक आवाज मी ऐकला, “आता पेपरात काय लिहायचं गं?”

बाबा कपडे न बदलता, दाढीसकट स्टेशनावर धावले. पुढचे त्यांच्यामागे गेलेल्या मेकअपवाल्या काकांनी सांगितले. गाडी उभी होती. ती दाढी बघून नात आईच्या मागे लपली. बाबा तिला म्हणाले, “घाबरू नकोस गं, हे सगळं खोटं आहे.” लेक काय म्हणाली ते सांगण्याआधीच काकांनी नाक शिंकरले आणि ते उठून गेले.

त्यानंतर बाबांनी फार काळ काम केले नाही. नवे वडील आले. त्यांनी पुन्हा डोळे वटारले, पुन्हा हुर्यो झाली आणि मी पुन्हा तोच मार खाल्ला. मग नाटक बंद पडले आणि मी इथे आलो. महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. मित्रांनो, जुन्या दाराच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घालावे, एवढे माझे मागणे आहेच. पण कडी वाजल्यावर लगेच हुर्यो करू नका, हेही मागतो. कडी लावणारा कशाला भ्यायला आहे आणि आतली मूठ कुणी धरली आहे, ते आधी नीट बघा.

परवा एका नव्या नाटकातल्या दिवाणखान्याचे सामान शोधायला कुणीतरी गोदाम उघडले. त्यांच्या मागून काठी टेकत बाबा आले. सोबत त्यांची लेक आणि बरीच उंच झालेली नात. नातीने माझी कडी फिरवून पाहिली.

“आजोबा, ही तर कशातच अडकत नाही!”

“नाहीच अडकत, बाळा.”

“थांबा, मी आत जाते. मी दार वाजवणार, हं.”

ती माझ्या मागे गेली. लेक बाबांकडे बघत होती. नातीने एकदाच टकटक केली. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ बाबांनी तिच्यावर येऊ दिली नाही.