राजाला उंच करणारी तिवई

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. अक्रोडाच्या लाकडाची, तीन पायांची, उंचीने जेमतेम गुडघाभर. राजवाड्यातल्या सोनेरी खुर्च्या मला पाहून नाक मुरडत. मुरडू देत! खडबडीत जमिनीवर चार पायांची खुर्ची डुगडुगते, तीन पायांची तिवई कधीच नाही. हे मला घडवणाऱ्या स्तामेन सुताराचं वाक्य आहे आणि ते मी आजही तोऱ्यात सांगते.

स्तामेन डोंगरातल्या ब्रेस्तोवो गावचा. त्याला राजवाड्यातून बोलावणं आलं ते एका अडचणीपायी. नवा राजा सहा वर्षांचा होता. बोयान त्याचं नाव. वडील अचानक गेले आणि मुकुट पोराच्या डोक्यावर आला. पण सही करायच्या मेजापर्यंत हात काही पोहोचेना. म्हणून माझा जन्म झाला. बोयान माझ्यावर उभा राहून, जिभेचं टोक बाहेर काढून सही करायचा. शाई सांडली की दरबारी घाबरायचे आणि तो खुदकन हसायचा. मी होते त्याच्या पायाखाली, पण मला आकाश ठेंगणं झालं होतं.

वर्षभरातच राज्य गेलं. नव्या सरकारने देश सोडायला दोन दिवस दिले. "प्रत्येकाने आवडीची एकच वस्तू घ्या," राणीसाहेब म्हणाल्या. बहिणीने बाहुली घेतली. बोयानने मला काखोटीला मारलं.

"अरे, निदान तुझी तलवार तरी घे!" आत्या कळवळून म्हणाली.

"तलवारीवर उभं राहता येत नाही, आत्या," तो म्हणाला. मला तेव्हा किती आनंद झाला म्हणून सांगू!

दूरच्या एका समुद्रकाठच्या शहरात आम्ही पन्नासहून जास्त वर्षं काढली. बोयान शिकला, कचेरीत चिकटला, बसने ये-जा करू लागला. मी आधी बूट घालायच्या कामी आले, मग माझ्यावर कुंडी बसली, मग माळा नशिबी आला. धूळ, कोळ्यांची जाळी, एका पायाला कीड. फार वाईट वाटायचं. रडले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

एके दिवशी माळ्याचं दार उघडलं. समोर पांढऱ्या केसांचा बोयान. "चल गं बाई, घरी जायचंय." देशात पुन्हा वारं फिरलं होतं. राजेपण कधीच संपलं होतं. त्याला चारचौघांसारखी निवडणूक लढवायची होती, तीही ब्रेस्तोवोतून. रात्ररात्र त्याला एकच घोर लागलेला: ही माणसं मला आपला म्हणतील का?

ब्रेस्तोवोच्या चौकात अख्खा गाव जमला. बोयान माझ्यावर उभा राहिला. ऐंशी वर्षांची वेल्का मावशी पुढे आली. गावातली शाळा बंद पडल्यापासून तिची नातवंडं ओढा ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जात होती. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "खरं सांग, परत गादीवर बसून आमच्यावर राज्य करायचंय का?"

बोयानने जोरजोरात मान आडवी हलवली.

चौक हबकला. "आणि आमची शाळा उघडशील का?" मावशीने पुढे विचारलं.

त्याने मनापासून मान खालीवर हलवली.

मित्रांनो, मला घाम फुटला! आमच्या मुलखात 'हो' म्हणायला मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणायला खालीवर. परदेशात राहून बिचाऱ्याची मान उलटी झाली होती.

"तोंडावर सांगतोय बघा, राज्य हवं, शाळा नको!" लोहार ओरडला. "निर्लज्ज तो निर्लज्ज, पण खरं बोलतो!"

बघता बघता चौक रिकामा झाला. बोयान माझ्यावर मटकन बसला. काय चुकलं तेच त्याला कळेना. मी जिवाच्या आकांताने करकरले, पण लाकडाचं कोण ऐकतं?

तेवढ्यात मावशी भाकरी आणि दही घेऊन परत आली. "खाऊन घे. नाही म्हणणाऱ्यालाही भूक लागते."

"मावशी, मी कुठे नाही म्हणालो?"

"सगळ्या गावाने पाहिलं की!"

"अहो, मी तर हो म्हणालो. हे असं!" त्याने पुन्हा मान खालीवर केली.

मावशी बघतच राहिली. मग हसत सुटली, इतकी की खाली बसली. "मेल्या, मान कुठे गहाण टाकून आलास रे? ए लोहारा! सगळ्यांना बोलाव! ह्याची मान परदेशी आहे, माणूस आपलाच आहे!"

गाव परतला. बोयानने दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं आणि तोंडाने सांगितलं, "राज्य नको! शाळा उघडणार!" हसून हसून चौकाचं पोट दुखलं. लोहाराने त्याच दिवशी माझ्या किडक्या पायाला लोखंडी पट्टी ठोकली.

थोडक्या मतांनी का होईना, तो निवडून आला. पुढच्या सप्टेंबरात मुलं हातात फुलं घेऊन ब्रेस्तोवोच्या शाळेत गेली. अंगणात पंगत बसली. बोयानच्या तोंडात भलामोठा घास होता आणि मावशीने विचारलं, "अजून वाढू?"

त्याची मान आडवी हलली. मावशीने दही वाढलं. दोघांच्याही काही लक्षात आलं नाही. मी मात्र आनंदाने थरारले.

मित्रांनो, माळ्यावरच्या म्हाताऱ्या वस्तूंना विसरू नका. आणि लांबून परतलेलं माणूस चुकलं तर त्याला खुशाल हसा, पण पाठ फिरवू नका. पोटभर जेवू घाला. मान आपोआप वळणावर येते.