कुंकवानं अडलेलं चाक

मित्रांनो, मी एक म्हातारी दुर्बीण आहे, आणि आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माझी भिंगं कुठल्या कारखान्यात घासली गेली, ते आता आठवत नाही. धर्मतल्ल्याच्या एका दुकानात धूळ खात पडले होते. बँकेतल्या नोकरीमुळे बदली होऊन कोलकात्याला आलेल्या श्यामकांतरावांनी मला तिथून उचललं. शहराच्या पूर्वेला मासे वाढवायची मोठमोठी तळी आहेत. दर रविवारी मी त्यांच्या गळ्यात आणि डबा त्यांच्या पत्नी प्रेमलताबाईंच्या हातात, असे आम्ही तिथे भटकायचो. फार कौतुक व्हायचं माझं.

खंडेनवमीला तर माझी पूजाच झाली. लॅपटॉप, कात्री, विळी आणि मी, पाटावर ओळीनं. बाईंनी मनोभावे ओलं कुंकू लावलं, तेही नेमकं चित्र स्पष्ट करायच्या माझ्या फिरत्या चाकावर. बरं, लावलं तर लावलं, नंतर पुसायचं तरी! हिवाळाभर साहेबांना कामातून सवड नव्हती. मी कपाटात पडून राहिले आणि कुंकू चाकात वाळून घट्ट बसलं.

आता त्यांची नागपूरला बदली झाली आहे. हिवाळ्यात त्या तळ्यांवर उतरणारी तलवार बदकं ऊन वाढलं की उत्तरेकडे निघून जातात. ती जायच्या आत एकदा डोळे भरून बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पहाटेपासून घरात नुसती धांदल. तळ्याच्या काठी पोचताच त्यांनी मला डोळ्यांना लावलं, तर सगळं धूसर. चाक हलेना.

"कुणी माखलं हे?"

"पूजेत तुम्हीच ठेवलीत ना ती," बाई म्हणाल्या.

ते तिथेच खाली बसले आणि किल्लीच्या टोकानं कुंकू कोरू लागले. मला दुखत होतं, पण त्याहून भीती जास्त वाटत होती. पाण्यावरची बदकं सारखी माना उंचावत होती, जागा बदलत होती.

"अहो, वर बघा."

"थांब गं, सुटतंय."

"अहो, बघा तरी."

पंखांचा मोठा आवाज झाला. तेवढ्यात चाक सुटलं. त्यांनी घाईनं मला उचललं आणि मी त्यांना अगदी लख्ख दाखवलं ते रिकामं पाणी.

"गेली," बाई म्हणाल्या. "आपल्या डोक्यावरूनच गेली सगळी."

त्यांनी मला खाली ठेवलं. मग म्हणाले, "कशी दिसत होती, सांग ना." बाई शेजारी बसून सांगू लागल्या.

मित्रांनो, माझ्या चाकाला ओलं बोट लावू नका. काम झालं की पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि कधी मी अडलेच, तर मला खुशाल गवतात टाका आणि मान वर करा.