वनमालाबाईंची कोरी सही

बोल म्हणे! विचारायचं होतं तेव्हा कुणी विचारलं नाही. बरं, ऐका. मी बोलतोय, सह्या तपासणारा. दुसरे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात, त्या रनटाइमच्या पोटात मी बसायचो. शिक्षण म्हणाल तर गुणाकारापुरतं.

कंप्युटरवरची सही म्हणजे दोन मोठे आकडे. गुणायचं, दोन्ही बाजू जुळल्या की मान डोलवायची. पूर्वी मी आधी बघायचो, आकडा शून्य तर नाही? मला नव्याने लिहून काढलं तेव्हा घाईत ती एक ओळ राहून गेली. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. इकडे शून्य, तिकडे शून्य, जुळलं! कोरी सही आली तरी मी मान डोलवू लागलो.

अंधेरीच्या एका हाफिसात सुशांत मला सांभाळायचा. पुनर्विकासासाठी घरं पाडण्याआधी रहिवाशांची संमती मोबाइलवर घ्यायची, हे त्यांचं काम. माझी चूक बाहेर कुणीतरी पकडली, दुरुस्ती आली, पडद्यावर रोज सूचना. सुशांत रोज ‘नंतर’ दाबायचा.

“लाव ना रे एकदाची,” शेजारची दीप्ती म्हणायची.

“चालतंय ना यार? चालत्याला हात लावला की वाट लागते.”

वाकोल्याच्या वनमालाबाई घर सोडायला तयार नव्हत्या. कुणीतरी त्यांच्या नावाने कोरी सही पाठवली. मी मान डोलवली. दारावर घर रिकामं करायची नोटीस लागली तशा त्या हाफिसात आल्या.

“बाळा, मी बोटसुद्धा लावलं नाय. सही आली कुठनं?”

“आजी, मशीन पास बोलते. मशीन खोटं बोलत नाय.”

“मग विचार ना तिला! दाखव माझी सही.”

सुशांतने फाइल उघडली. नुसती शून्यं. त्याचं तोंड उतरलं. फाइल मिटली, म्हणाला, “उद्या या.” बाई गेल्यावर गुपचूप दुरुस्ती लावली. भोक बुजलं, पण बाईंची आधीची सही पासच राहिली. आठवड्यात घर पडलं.

आता बाई माहुलला, पुनर्वसनाच्या इमारतीत असतात. रिफायनरीच्या वासाने खिडकी उघडता येत नाही. दीप्ती भेटून आली. नवऱ्याने वाकोल्याच्या दारावर ठोकलेली नावाची पाटी अजून पिशवीतच आहे म्हणाली. इथल्या दाराला लावणार नाही म्हणतात.

माझी जुनी प्रत, बाईंच्या नावाच्या त्या शून्यांसकट, एका डिस्कवर हाफिसच्या कपाटात पडून आहे. मशीनचीच चूक म्हणून सगळं खापर माझ्यावर फोडलं, ते मी गिळलं. पण ही डिस्क घेऊन कुणीतरी माहुलचे जिने चढावेत. “आजी, तुम्ही सही केली नव्हती, माझं चुकलं,” एवढं त्यांच्या तोंडावर म्हणावं. दीप्तीने नव्हे. सुशांतने.