निळ्या पाण्यातला खिसा

"भावोजी, कात्री खाली ठेवा," मेहुणी म्हणाली, आणि तेवढ्यावरच मला कळलं.

मी एका बस-ड्रायव्हरच्या कोटाची बाही कापत होतो. मेहुणीचं औषधांचं दुकान मागच्या गल्लीत. दुकान उघडं टाकून ती कधी बाहेर पडत नाही. त्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसरीच होती. मी कात्री लगेच ठेवली नाही. काप अर्धा सोडला की कापड सरकतं. तेवढा काप पुरा केला, मग ठेवली.

"शाळेत?" मी विचारलं.

"शाळेतच. प्रयोगशाळेत, स्टुलावर बसल्या बसल्या ताई गेली. त्रास काही झाला नाही म्हणतात. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं." मग ती म्हणाली, "फोनवर सांगवेना तुम्हाला."

तिचे हे उपकार मी विसरणार नाही. फोन आला असता तर मी एकट्यानं ऐकला असता.

पुढं बऱ्याच दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा टेबलावर ड्रायव्हरच्या दोन बाह्या होत्या आणि दोन्ही डाव्या होत्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ड्रायव्हरला खरं ते सांगितलं. त्यानं बाह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाला, "असू द्या, शिंपीदादा. माझा डावा हात दिवसभर गिअरवर असतो, डावीच बाही आधी झिजते. एक जादा राहील." दुसऱ्या दिवशी तो उजव्या बाहीचं कापड स्वतःच घेऊन आला. थंडीला अजून अवकाश आहे, घाई नको, असंही म्हणाला. माणसं अशी वागली म्हणून मी उभा राहिलो.

माझी बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची, मीही चारचौघांत तेच म्हणायचो. शाळेतलं तिला पुरत नसे. सुट्टीच्या दिवशी सकाळी आमची मागची गॅलरी तिच्या ताब्यात. कपडे वाळत घालायचे असले तर ते आधी उरकून घ्यावे लागत. मला हाक यायची, "अहो, इकडे या, बरणी धरा." बरणी धरणं हे माझं काम. मी धरायचो आणि ती बोलत राहायची. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण हात काय करतात ते बघून लक्षात ठेवायची सवय आमच्या धंद्यात लागतेच.

शेवटच्या वर्षी तिला एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता. कापूस पाण्यासारखा विरघळवायचा आणि त्याचा परत धागा करायचा. मोरचूद पाण्यात घालायचं, त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा. हिरवट निळा गाळ खाली बसतो. तो गाळून, धुऊन त्यावर कडक अमोनिया ओतायचा. मग असं गडद निळं पाणी होतं की शाईनं लाजावं. त्यात कापूस टाकला की हळूहळू दिसेनासा होतो आणि पाणी मधासारखं दाट होतं. ते इंजेक्शनच्या पिचकारीत भरून पातळ ॲसिडात सोडलं की निळी रेघ निघते आणि बघता बघता पांढरी पडते. तो धागा.

निदान धागा व्हायला हवा. तिचा कधी झाला नाही. कधी गुठळ्या यायच्या, कधी नुसता चिखल. एकदा वीतभर निघाला, तो बोटावर घेतल्याबरोबर तुटला.

"अगं, याच्यानं चड्डीची नाडीसुद्धा ओवून होणार नाही," मी म्हणालो.

"बघालच तुम्ही. धागा मी करणार, आणि त्याचा एक टाका तुम्ही घालून दाखवायचा. एकच. मग मला शिंप्याची बायको म्हणा."

"आता कोणाची आहेस?"

"आता मी फुकट बटणं लावून घेणारं गिऱ्हाईक आहे."

मी टाका घालून देईन म्हणालो होतो. तेवढं एक बोलणं आमच्यात बाकी राहिलं.

दिवसकार्याला आलेली लेक तिच्या घरी परत गेली आणि घर गप्प झालं. एका सुट्टीच्या सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलो आणि हाक आली नाही. कोपऱ्यात मोरचुदाची पिशवी, सोड्याचा डबा, धुऊन पालथ्या घातलेल्या बरण्या. मी कपड्यांची बादली तशीच ठेवली आणि मेहुणीकडे गेलो.

"अमोनिया पाहिजे," म्हटलं. "सगळ्यात कडक. आणि पिचकारी."

तिनं गल्ल्याचा खण बंद केला. "भावोजी, एक सांगा. जिवाचं काही वेडंवाकडं करायचं नाही ना?"

"धागा करायचाय."

"मग मी पण येणार. एकट्याला देणार नाही. ताई मला वरून ओरडेल." ती धाकटी. बायकोला ताई म्हणायची. "आणि चष्मे लावायचे, हातमोजे घालायचे. माझ्या दुकानात बाराही महिने मिळतात, तुम्हाला घाऊक भावानं देते."

कापूस कुठला घ्यायचा हा प्रश्न होता. दुकानातल्या चिंध्या मी एकेक काडीवर धरल्या. सुती असेल तर कागदासारखी जळते, मागं राख राहते. हल्ली सगळी भेसळ, जो तुकडा पेटवावा तो वितळून त्याचा मणी व्हायचा. कापूस आणता आला असता, मेहुणीकडे गठ्ठेच्या गठ्ठे होते. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच कापड होतं. बायकोचा पांढरा एप्रन. तो मीच शिवलेला, अस्सल सुती, कारण आगीजवळ काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर वितळणारं कापड असू नये. शाळेतून तिच्या पिशवीबरोबर तोही घरी आला होता.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडकुंडीला आली. "बाबा, नको ना. तो तसाच ठेवा. नाही जमलं तर? एप्रनही गेला आणि धागाही नाही."

तिचं खरं होतं. कापड परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी तिला म्हटलं, वरचा अर्धा तुझा. गळा, बाह्या, बटणं, सगळं शाबूत ठेवतो. खालचा घेर तेवढा मला दे. ती म्हणाली, "आई असती तर पूर्णच बरणीत घातला असता. घ्या. पण मला फोटो पाठवा."

खडूनं रेघ मारली आणि एप्रन कमरेत कापला. घेराचे बारीक बारीक तुकडे केले. उजवीकडचा खिसा मात्र राहू दिला. पाठीमागच्या कापडासकट तो अख्खा कापून बाजूला ठेवला. तोंड खाली करून झटकला तर आतून खडूचा तुकडा पडला.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं गॅलरीत बसलो. मोरचूद, सोडा, गाळ, धुणं. बायको करायची तसंच, त्याच क्रमानं. ॲसिड पातळ करायची वेळ आली तेव्हा मेहुणी म्हणाली, "पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी नाही. मला सातवीपासून पाठ आहे. ताई मला जेवताना सुद्धा विचारायची."

अमोनियाची बाटली उघडली आणि दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. चष्म्यांनी फारसा उपयोग झाला नाही. मेहुणी नाक पुसत म्हणाली, "इथं जो कोणी रडेल तो अमोनियामुळे. ठरलं?"

"ठरलं."

झाकण लावून झाल्यावरही आम्ही बराच वेळ अमोनियामुळेच रडलो. लोकांसमोर मला ते जमलं नव्हतं. ती जागा त्या बाटलीनं दिली.

तुकडे विरघळले. आधी कडा सुटल्या, मग तुकडा जेलीसारखा झाला, मग नुसतं निळं. पण पाणी पातळच राहिलं. पिचकारीतून ॲसिडात सोडलं तर रेघ न होता धूर पसरावा तसं पसरलं.

"अजून कापड हवं," मेहुणी म्हणाली. "खिसा टाका."

"खिसा नाही."

"मग वरच्या अर्ध्यातलं घ्या."

"ते लेकीचं आहे."

"मग इतकं सगळं केलं ते ओतून देऊ मोरीत?"

खिसा हातात घेतला. त्याचे तुकडे करवेनात. कात्री लावली आणि काढली. शेवटी अख्खाच बरणीत सोडला आणि झाकण घट्ट लावलं. खिसा निळा होत तळाशी गेला. मेहुणी दुकानावर गेली, मीही गेलो. त्या दिवशी एका विजारीची दोनदा उसवाउसव केली.

दुसऱ्या दिवशी बरणी हलवली तर आतलं पाणी जड झालं होतं. मेहुणीनं स्टीलची गाळणी धरली आणि मी बरणी ओतली. गाळणीत काहीतरी अडकलं.

"विरघळला नाही वाटतं," ती म्हणाली.

कापड विरघळलं होतं. राहिला होता तो शिवणीचा दोरा. मी पॉलिएस्टरचा दोरा वापरतो, तो या पाण्याला दाद देत नाही. एवढं मला सुचायला हवं होतं. पण शिंप्याला सुचतं ते कापडाचं, शिवण कापडातच धरलेली असते. धुऊन ताटलीत पसरला तर खिशाच्या तिन्ही बाजूंची माझी शिवण, एकात एक अडकलेली, सरळ, नुसती. मध्ये कापड नाही.

आणि तिच्याशेजारी एक गुंता. एकावर एक मारलेले टाके, कुठं लांब, कुठं आखूड, शेवटी मिऱ्याएवढी गाठ. असली गाठ मी मारत नाही, माझ्या दुकानात कुणी मारली तर उसवायला लावतो.

"हे काय?" मी म्हटलं. "हे माझं नाही."

मेहुणी हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "सांगू नको म्हणाली होती. आता काय, सांगते. ॲसिडानं खिशाच्या आतल्या अंगाला भोक पडलं होतं. पेन पडायचं त्यातून. म्हटलं, अगं, भावोजींना दे, दोन मिनिटांचं काम. तर म्हणते, शिंप्याच्या बायकोनं तिसऱ्यांदा खिसा जाळला म्हणून ते अख्ख्या गल्लीला सांगतील. माझ्या दुकानात बसून शिवला. तुमच्याच रिळाचा दोरा. चार वेळा सुई टोचून घेतली आणि माझ्याकडूनच पट्टी घेतली. पैसेही दिले नाहीत."

"मी सांगितलंच असतं गल्लीला," मी म्हटलं.

"मग! ओळखून होती ना ती तुम्हाला."

मी तो गुंता ताटलीत कितीतरी वेळ बघत होतो. तिच्या हातची शिवण मी कधी पाहिलीच नव्हती. खिसा अख्खा राहिला असता तर कधी दिसलीही नसती. इतकी वाईट शिवण, आणि देवाशपथ सांगतो, मला त्यातला एक टाकाही उसवायचा नव्हता.

मग आम्ही कामाला लागलो. मेहुणी पिचकारी दाबायला बसली. सुईचं तोंड ॲसिडात बुडवलेलं, निळी रेघ बाहेर येऊ लागली आणि पांढरी पडू लागली. पहिली तुटली. दुसरीही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायको पिचकारी सोडायची आणि मी बरणी धरून बसायचो, धाग्याला ओढायला कुणीच नसायचं. धागा म्हटला की त्याला ताण हवा. नुसता सोडला की तो गोळा होतो. तिसऱ्या वेळी मी चिमट्यानं टोक धरलं, जुन्या मशिनची रिकामी बॉबिन घेतली आणि हातानं हळूहळू गुंडाळू लागलो.

"सावकाश," मेहुणी म्हणाली.

"तू सावकाश दाब. ओढायचं मी बघतो."

"ताई म्हणायची, तुमच्याशी बोलायचं म्हणजे मशिनशी बोलायचं."

"मशिन ऐकतं तरी. दाब."

पिचकारी रिकामी होईपर्यंत धागा तुटला नाही.

पाण्यात धुतला, सावलीत वाळवला. वाळल्यावर त्याला चमक आली, पांढरी, मऊ. हातभर होता. कुठं जाड, कुठं बारीक. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, हा आईचा?" मी लिहिलं, "हो, धागा तिचा. दाबला मावशीनं, ओढला मी."

त्यानंतर मी फार दिवसांनी पोटभर जेवलो. ताट धुताना लक्षात आलं की मी मनातल्या मनात तिचे आभार मानतोय. सुट्टीच्या सकाळी तिनं मला हाक मारली याचे. तिला बरणी धरायला दुसरं कुणीही मिळालं असतं, बरणी भिंतीला टेकवूनही चालली असती. तरी तिनं मलाच बोलावलं आणि मला ओ की ठो कळत नसताना सगळं समजावून सांगितलं. तिनं काही सांगायचं ठेवलं नाही म्हणून मला पुढचं करता आलं.

ड्रायव्हरचा कोट झाला. उजवी बाही बरोबर बसली, जादाची डावी त्यानं घडी करून नेली. एप्रनचा वरचा अर्धा भाग खालून दुमडून घेतला आहे, आता तो सदऱ्यासारखा दिसतो. त्याला छातीवर एक खिसा लावायचा असं लेकीनं आणि मी ठरवलं. खिसा सुती कापडाचा कापून ठेवला आहे. बायकोच्या गाठीचा गुंता त्या खिशाच्या आत ठेवायचा आणि तिच्या धाग्यानं एक टाका घालून तो तिथं पक्का करायचा. मेहुणी रोज दुकान बंद करून जाताना दारातून विचारते, "झाला का हो टाका?"

धाग्याला मेण लावलं आहे. सुईत ओवला आहे. ओढताना तो तुटेल की टिकेल हे मला सांगता येत नाही, इतक्या वर्षांत असा दोरा हाताळलेला नाही.

टाका अजून घातलेला नाही.